दोन उजेडांचं चित्र

सोमवारी सकाळी मास्तरांनी स्टुडिओतल्या मोठ्या टेबलावर जे चित्र ठेवलं, ते थोरलीच्या घरात आधीच तीन ठिकाणी लावलेलं होतं. जिन्यात, फ्रिजच्या दारावर आणि लेकीच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर. ते तिच्या धाकट्या जावेचं चित्र होतं.

आधी एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं, मग त्याला बक्षीस मिळालं, मग जो तो त्याबद्दल बोलायला लागला. चित्रात विशेष काही घडत नव्हतं. गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत घातल्या आहेत. एका चादरीमागे कुणी लहान मूल लपलंय. चादरीवर त्याची सावली पडलीय आणि चादरीखालून फक्त दोन पाय दिसतात. संपला विषय. पण बघणारा त्या पायांपाशी येऊन थांबायचा तो थांबायचाच. पाय थोरलीच्या लेकीचे होते. लेक आठ वर्षांची होती आणि काकूने बोलावलं की तासभर चादरीमागे उभं राहायला एका पायावर तयार असायची. आईने शेवटचं चित्रासाठी बसवलं होतं तेव्हा दहाव्या मिनिटाला तिला तहान लागली होती.

"प्रकाशक बाईंचा फोन होता," मास्तर म्हणाले. "मुलांच्या बारा पुस्तकांचा संच काढतायत. पहिलं पुस्तक एका पोस्टमनबाईचं. तिच्याकडे एक पत्र येतं, त्यावर पत्ताच नाही. ते कुणाचं, हे शोधत ती गावभर फिरते. मुखपृष्ठासाठी बाईंनी हे चित्र पाठवलंय आणि म्हटलंय, असं हवं, पण हे नको."

"म्हणजे मला जेवायला असं घाला, पण हे नको," अक्षरवाला म्हणाला. स्टुडिओतली सगळी अक्षरं तो काढायचा आणि उरलेल्या वेळात टोमणे मारायचा.

"बरोबर तेच," मास्तर म्हणाले. "शनिवारी दुपारी बाराला एक कच्चं चित्र त्यांच्याकडे जाणार. ते पसंत पडलं तर बारा मुखपृष्ठं आपली, आणि ज्याचं चित्र त्याच्याच हातून होतील. दोन वर्षांचं काम आहे. नाही पसंत पडलं तर हे चित्र जिने काढलंय तिलाच विचारणार आहेत. तसं त्यांनी स्वच्छ सांगितलंय."

कुणी थोरलीकडे पाहिलं नाही, आणि न बघण्याची ती पद्धत तिच्या लगेच लक्षात आली. एकोणीस वर्षं या स्टुडिओची मुखपृष्ठं तिने केली होती. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला ब्रश धुवून टोकावर उभा ठेवायचा नसतो, हेही माहीत नव्हतं. थोरलीनेच शिकवलं. ब्रश आडवा ठेव, पांढरा रंग आधी संपवू नकोस, कागद फुकट गेला तरी जाऊ दे. धाकटी सगळं ऐकायची, "हो ताई, बरं ताई" करायची. आता लोक थोरलीला विचारायचे, "तुम्ही त्यांच्या जाऊबाई ना?" आणि ती हसून "हो" म्हणायची. त्या हसण्याने गाल दुखायचे.

मास्तरांची एक पद्धत होती आणि ती सगळ्यांना पाळावी लागायची. अभ्यासाचं चित्र भिंतीवर उलटं टांगायचं, डोकं खाली, आणि चार पावलं लांबून बघायचं. उलटं टांगलं की गोष्ट गळून पडते, फक्त मांडणी उरते, असं ते म्हणत. पहिल्या दिवशी नुसतं बघायचं आणि जे दिसेल ते कार्डावर शब्दांत लिहायचं. दुसऱ्या दिवशी ट्रेसिंग पेपर लावून जड भाग, हलके भाग आणि नजर कुठून कुठे जाते ते पेन्सिलीने उतरवायचं. त्या संध्याकाळी मूळ चित्र कपाटात बंद व्हायचं आणि ट्रेसिंग ज्याने त्याने आपल्या हाताने फाडायचं. तिसऱ्या दिवसापासून फक्त कार्ड जवळ ठेवून स्वतःचं चित्र काढायचं. "शब्दांची नक्कल करता येत नाही," मास्तर म्हणत. "रेषेची होते. तीही तुम्हाला न विचारता."

थोरली चार पावलं लांब उभी राहिली. मनाशी तिने ठरवलंच होतं की या चित्राचं पाणी आज जोखायचं. बक्षीस देणाऱ्यांना काय कळतं? तिने बघायला सुरुवात केली आणि पहिल्या अर्ध्या तासातच तिचा चेहरा उतरला. चित्र चांगलं होतं. तिला वाटलं होतं त्याहून चांगलं. दोन तृतीयांश जागा जवळजवळ कोरी, पण रिकामी वाटत नव्हती. मनात सरळ केलं की वरच्या उजव्या कोपऱ्यातून दोरी तिरकी खाली डावीकडे येत होती. तिच्यावरचे चिमटे आधी लांब लांब, मग जवळ जवळ. नजर आपसूक वेग घ्यायची आणि खाली डाव्या कोपऱ्यात त्या दोन पायांवर जाऊन आदळायची. वर उजवीकडे दाराचा काळा चौकोन होता, तो साऱ्या पांढऱ्याला तोलून धरत होता. सबंध चित्रात उबदार रंग एकच, टाचांवरचा.

हे सगळं तिने कार्डावर लिहिलं. प्रामाणिकपणे लिहिलं, कारण कामात खोटं लिहायची तिला सवय नव्हती. एकेक ओळ लिहिताना मात्र दात काढून घेतल्यासारखं होत होतं.

मग, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, तिला ती सावली दिसली.

मुलीची आकृती चादरीवर उमटली होती, म्हणजे ऊन तिच्या मागून येत होतं. तसं असेल तर पायांची सावली जमिनीवर पुढे, बघणाऱ्याकडे पडायला हवी. ती पडली होती मागे. एकाच गच्चीवर दोन सूर्य. थोरलीने पुन्हा पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं. शंकाच नव्हती. तिने कार्डावर शेवटची ओळ लिहिली: "दोन उजेड. पायांची सावली चुकीच्या बाजूला." आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली. त्या दिवशी ती भरपूर जेवली. ही ओळ कधी आणि कुणासमोर बोलून दाखवायची, याचे मनात बेत सुरू झाले.

मंगळवारी ट्रेसिंग झालं. संध्याकाळी सगळ्यांनी आपापले कागद फाडून टोपलीत टाकले. थोरलीने एक कोरा ट्रेसिंग पेपर फाडला. खरा तिने घडी करून पर्समध्ये ठेवला होता. एक चूक सापडली तर आणखी चारही सापडतील, असं तिला वाटत होतं. घरी जाऊन तिने तो स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर चिकटवला आणि भाजी चिरता चिरता, चहा उकळेपर्यंत, दूध बघता बघता ती त्यात चुका शोधत राहिली. कागदावर चादरी नव्हत्या, पाय नव्हते. नुसते पेन्सिलीचे ढीग होते आणि एक तिरकी रेघ.

"ताई, हे काय लावलंय?" बुधवारी साखर मागायला खाली आलेल्या धाकटीने विचारलं.

"काही नाही गं. ऑफिसचं काम."

"छान दिसतंय. वजन कसं एका कोपऱ्यात साठलंय!"

"तुला सगळंच छान दिसतं," थोरली म्हणाली आणि साखरेचा डबा पुढे सरकवला. स्वतःचंच चित्र ओळखता येत नाही, आणि म्हणे बक्षीस. तिला आतून गुदगुल्या झाल्या.

बुधवार आणि गुरुवारी तिने सहा कच्ची चित्रं काढली. पहिल्या दोनांत पोस्टमनबाई सायकलवर होती. अशा सायकली तिने एकोणीस वर्षांत चाळीस तरी काढल्या असतील. तिसरं काढायला घेतलं आणि हात असा सुटला की तो पूर्वी कधी असा सुटला होता, हे तिला आठवेना. टपाल वेगळं करायची मोठी खोली. सबंध भिंतभर पत्रांचे खण, आणि ते सगळे रिकामे, फिके. फळ्यांची एक रांग वरून डावीकडून तिरकी खाली उजवीकडे येते. खाली उजव्या कोपऱ्यात टेबलाशी बसलेली इवलीशी पोस्टमनबाई, तिच्या हातात ते बिनपत्त्याचं पत्र. वर डावीकडे काळीभोर खिडकी. पूर्ण झाल्यावर ती उठून चार पावलं मागे गेली आणि तिचे डोळे भरून आले. हे आपलं आहे, असं तिला वाटलं. आपण अजून आटलो नाही.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांची मिळून एकवीस चित्रं भिंतीवर उलटी टांगली गेली. मास्तरांनी चार पावलांवरून एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि थोरलीच्या तिसऱ्या चित्रापाशी थांबले.

"हे."

"हेच," अक्षरवाला म्हणाला. त्याच्या तोंडून टोमणा न येता नुसता शब्द यावा, हे वर्षातून एखाद्या वेळी घडायचं. मग तो म्हणाला, "बाई, आम्हाला वाटलं होतं तुम्ही परत सायकल काढणार."

"दोन काढल्यात की," थोरली म्हणाली, आणि सगळे हसले. तिला इतकं हलकं वाटत होतं की त्या दिवशी ती कठडा न धरता जिना उतरली.

चित्राची एक प्रत घेऊन ती घरी आली. लेक स्वयंपाकघरात अभ्यास करत बसली होती. थोरलीने प्रत टेबलावर ठेवली आणि चहाचं आधण ठेवलं.

"आई, हे तू काढलंस?"

"हो. आवडलं?"

"आवडलं. पण हे काकूचंच आहे ना?"

"काकूचं कसं असेल? यात चादरी आहेत का?"

"चादरी नाहीत. पण हे बघ." लेकीने खुर्चीवर चढून खिडकीवरचा ट्रेसिंग पेपर काढला आणि प्रतीवर ठेवला. "माझे पाय जिथे आहेत, तिथेच तिचं पत्र आहे. आणि दार आहे तिथे खिडकी."

"काकूच्या चित्रात तुझे पाय डावीकडे आहेत."

"हो, पण तू कागद उलटा लावला होतास ना. मला वाटलं मुद्दाम."

थोरलीने गॅस बंद केला. कागदाची पेन्सिलीची बाजू तीन दिवस काचेकडे, बाहेर होती. तिने तो सरळ केला, पुन्हा उलटला, पुन्हा प्रतीवर ठेवला. दोरी आणि फळ्यांची रांग एकच. चिमटे जिथे जवळ यायला लागतात तिथे खण जवळ यायला लागतात. पायांच्या जागी पत्र. तिने एक रेघही गिरवली नव्हती. तीन दिवस नुसती चुका शोधत होती, आणि तेवढ्या वेळात ते चित्र डोळ्यांतून उतरून हातात जाऊन बसलं होतं, डावीकडचं उजवीकडे होऊन.

"आई, रडतेस?"

"नाही गं. वाफ लागली."

हे तिच्याखेरीज कुणाला कळलं नव्हतं. मास्तरांना दिसलं नव्हतं. कपाटात बंद चित्र आणि भिंतीवरचं उलटं चित्र कोण मनात फिरवून ताडून बघणार? प्रकाशक बाई पाहतील तेव्हा त्यांना एवढंच वाटेल की असं हवं होतं आणि हे ते नाही. बारा पुस्तकं, दोन वर्षं. थोरलीने रात्रीचा स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, दिराने वरून हाक मारून काहीतरी विचारलं त्याला उत्तर दिलं. पण एक गोष्ट घशाखाली उतरेना. उद्यापासून दोन वर्षं ती मुखपृष्ठं काढेल, आणि प्रत्येकाच्या खाली धाकटी असेल. तिने काढलेल्या टाचा असतील. लोक "तुम्ही त्यांच्या जाऊबाई ना" म्हणतील ते आता खरंच असेल. खरं सांगणं तिच्या प्रामाणिकपणाला जमलं नसतं, ते मत्सराने करून घेतलं, असं तिने पुढे स्वतःशी कबूल केलं. हे चित्र तिच्याकडून पाठवलं जाईना.

शनिवारी नऊ वाजता तिने मास्तरांच्या टेबलावर चित्र ठेवलं, त्यावर ट्रेसिंग उलटं ठेवलं, आणि बाजूला उभी राहिली.

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"माझ्याही लक्षात आलं नाही," ते म्हणाले. "हा कागद फाडला का नाहीस?"

"चुका शोधत होते."

"सापडल्या?"

"एक सापडली. ती पहिल्याच दिवशी सापडली होती." तिने कार्ड पुढे केलं. मास्तरांनी शेवटची ओळ वाचली, उठून कपाट उघडलं, चित्र काढून उलटं धरलं आणि बघत राहिले.

"अरेच्चा," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"म्हणूनच माणूस तिथे थांबतो. बाकी सगळी मांडणी तुला तिथपर्यंत आणून सोडते. पण थांबवते ही सावली. कळत नाही काय बिनसलंय, आणि पाय निघत नाही." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "पावणेतीन तास आहेत. मांडणी तिची आहे, ती सोड. ही चूक सापडली तुला. ती काढ."

"चूक काढू?"

"मुद्दाम केली की ती चूक राहत नाही. जा, बस."

अक्षरवाल्याने आपलं टेबल रिकामं करून दिलं, कारण ते खिडकीशी होतं. "बाई, सायकल नको," एवढंच म्हणाला आणि फोन घेऊन बाहेर जाऊन उभा राहिला, कुणी आत येऊ नये म्हणून.

थोरलीने कोरा कागद घेतला. यावेळी खोली नाही, खण नाहीत, कोपरा नाही. तिने बाजारातला रस्ता काढला, वरून बघितल्यासारखा. पन्नास-साठ माणसं, गाड्या, खांब, कुत्री, आणि सगळ्यांच्या लांब सावल्या एकाच दिशेला, उजवीकडे. गर्दीच्या अगदी मध्ये पोस्टमनबाई, इतरांएवढीच लहान, इतरांच्याच रंगाची. तिचीही सावली उजवीकडे. फक्त तिच्या हातातल्या पत्राची सावली डावीकडे पडली होती. कोरी जागा कुठेच नव्हती. धाकटीने केलं असतं असं त्यात काहीही नव्हतं. बारा वाजायला दहा मिनिटं असताना मास्तरांनी ते उलटं टांगलं, चार पावलं मागे गेले आणि कुरिअरवाल्याला आत बोलावलं.

प्रकाशक बाईंचा निरोप पुढच्या गुरुवारी आला. पसंत होतं. बाराच्या बारा. निरोपात शेवटी लिहिलं होतं की त्यांच्या नातवाने ते चित्र हातात घेतलं आणि "या पत्राला काय झालंय?" असं विचारत बसला.

त्या संध्याकाळी धाकटी धावत जिना उतरून आली. तिने थोरलीला मिठीच मारली. तिचं हे असंच होतं, ओठात एक आणि पोटात एक तिच्याकडे नसायचं, आणि थोरलीला तेच सगळ्यात जास्त सलायचं.

"ताई, दाखवा ना! हिने सांगितलं मला, रस्ता काढलाय म्हणून." तिने पुतणीच्या डोक्यावर टपली मारली. थोरलीने प्रत पुढे ठेवली. धाकटीने पाहिलं, आणि पाच सेकंदांत तिचं बोट पत्रावर आलं.

"अगं बाई! सगळ्यांची इकडे आणि याची तिकडे. ताई, हे कसं सुचलं तुम्हाला? मला जन्मात सुचलं नसतं."

थोरलीने तिच्याकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

या क्षणासाठी तिने दोनदा रेघ मारून ओळ जपून ठेवली होती. ती बोलून दाखवताना फार बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात तोंडून वेगळंच निघालं.

"तुझ्याच चित्रातून सुचलं," ती म्हणाली.

"माझ्या? माझ्यात कुठे आहे असं?"

थोरलीने फ्रिजवरचं चित्र काढलं, उलटं करून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला टेकवून ठेवलं आणि धाकटीला खांद्याला धरून चार पावलं मागे नेलं. "चादरीवरची सावली बघ. ऊन कुठून येतंय?"

"मागून."

"आता पायांची बघ."

धाकटी बघत राहिली. लेकही खुर्चीवरून वाकून बघायला लागली.

"ही चूक आहे," धाकटी अखेर म्हणाली.

"हो."

"मी चादरीवरची सावली सकाळी काढली होती आणि पाय संध्याकाळी. मधे हिची शाळा होती ना." तिने ओठ चावला. "कुणीच बोललं नाही मला. परीक्षकसुद्धा."

"कुणाला दिसली नाही. पण त्यांना ती आवडली. चित्र तिथेच उभं आहे, त्या सावलीवर."

"मलाही दिसली नाही, ताई. काढलं मी, आणि मलाच दिसली नाही." ती थोरलीकडे वळली. "तुम्हाला कधी दिसली?"

"पहिल्याच दिवशी."

धाकटीने थोरलीचं चित्र पुन्हा उचललं, पत्राची ती एवढीशी सावली अंगठ्याने झाकून पाहिली, अंगठा काढून पाहिला. मग हसली, म्हणाली, "छानच झालंय, ताई." गाल हसले होते, डोळे चित्रावरून हटत नव्हते, आणि त्या डोळ्यांत काहीतरी घट्ट होत चाललं होतं.

थोरलीने तो चेहरा लगेच ओळखला. इतकी वर्षं तिने तो फक्त आतून पाहिला होता.

"चहा टाकते," ती म्हणाली. "बस. जाऊ नकोस."